नाशकातली ट्राम, भांडीबाजार आणि मेनरोडची जुनी दुकानं: घरच्या मोठ्यांकडून काय ऐकलंय?

मेनरोडकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सवडीने वाचा.

आमचा वाडा तांबट लेनच्या मागच्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात एक भिंत बसली, मग घाईघाईने रिकामा करायला घेतला. आम्ही दहा-बारा वर्षांपूर्वीच इंदिरानगरला फ्लॅटमध्ये गेलोय पण आजी हलायला तयार नव्हती, ती आत्ता आली. माळा उतरवताना एक पितळी घंगाळ निघालं. काळंकुट्ट पडलेलं, दोन्ही कड्या जागेवर, बुडाला एक पोचा. सामान उचलायला आलेल्या भंगारवाल्याने लगेच काटा काढला आणि किलोचा भाव सांगायला लागला, आणि खरं सांगतो मी देऊनही टाकलं असतं, फ्लॅटच्या बाथरूममध्ये ते ठेवणार कुठे. पण आजी खाटेवरून एवढ्या जोरात ओरडली की तो माणूस दचकला. "खाली ठेव ते. आईचं आहे. ट्राममधून गेलंय ते."

आजी ९१ वर्षांची आहे. ऐकू कमी येतं पण डोकं लख्ख. तिची आई मूळची नाशकातली, लग्न होऊन चाळीसगावला गेली. लग्नानंतर वऱ्हाड इथून ट्रामने स्टेशनला गेलं आणि रुखवतातली भांडी त्याच ट्राममध्ये होती असं आजीला तिच्या आईने सांगितलेलं. पुढे आजी लग्न होऊन परत नाशकातच आली आणि तिच्याबरोबर हे घंगाळही परत आलं. तेव्हा मात्र ट्राम नव्हती, टांगा होता, ते तिला स्वतःला आठवतं.

माझी मुलगी आठवीत आहे. ती म्हणे, बाबा ट्राम कोलकात्याला असते, फार तर मुंबईला होती, नाशकात कुठली ट्राम, पणजीआजीचा काहीतरी घोळ होतोय. आणि मला तिला ठामपणे काही सांगता आलं नाही याचं फार वाईट वाटलं. मी मेनरोडला लहानाचा मोठा झालो, त्याच रस्त्याने रोज शाळेत गेलो.

घंगाळ आधी पितांबरीने आणि मग चिंच-मीठ लावून दोन दिवस घासलं तेव्हा काठाखाली अक्षरं दिसायला लागली. बारीक ठिपक्या-ठिपक्यांची. पणजीचं नाव (ते इथे लिहीत नाही), मग "हिस मामाकडून", आणि त्याखाली "शके १८५२ वैशाख".

तर विचारायचं हे की त्या साली ट्राम खरंच चालू होती का? आणि भांडीबाजार, सराफ बाजार, दहीपूल, रविवार कारंजा ह्या पट्ट्यातल्या दुकानांबद्दल तुमच्या आजी-आजोबांनी काय काय सांगितलंय? मी हे सगळं एका वहीत लिहून काढतोय. वाडा गेला, निदान हे तरी राहू दे.

---

जेलरोडकर

आजी एकदम बरोबर आहेत, मुलीला बिनधास्त सांगा.

शके १८५२ मध्ये ७८ मिळवले की १९३०. म्हणजे वैशाख म्हटलं तर १९३० चा उन्हाळा. आणि नाशिकची ट्राम १८८९ ला सुरू झाली, ती १९३१ ते ३३ च्या दरम्यान कधीतरी बंद पडली. म्हणजे तुमचं घंगाळ ट्रामच्या अगदी शेवटच्या काही वर्षांत त्यात बसून गेलंय. आजींच्या बोलण्यात आणि त्या अक्षरांत काडीचा फरक नाही.

ट्राम सुटायची ती मेनरोडवरच्या जुन्या महापालिकेच्या इमारतीपासून. तुम्ही रोज शाळेत जाताना जिच्यासमोरून गेलात तीच. तिथून थेट नाशिकरोड स्टेशन, साधारण ८ किलोमीटर. सुरुवातीला घोडे ओढायचे, दोन डबे आणि चार घोडे. रूळ अडीच फुटी, म्हणजे अगदी छोट्या गाडीचे. ह्या ट्रामच्या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर सल्लागार होता, ज्याने पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली तोच. बार्शीची गाडीसुद्धा अडीच फुटीच होती, १८९७ ला सुरू झालेली. आमचं आजोळ बार्शीकडचं म्हणून मला हे नाव माहीत, आणि आपल्या गावाशीपण त्याचा संबंध आहे हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

आता ट्राम हवी कशाला होती, तर जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची, लाइन गावाला टाळून गेली. गाव गोदावरीच्या काठाला आणि स्टेशन इतक्या लांब. म्हणून तर त्याचं नाव नाशिक "रोड". आज द्वारकापासून बिटकोपर्यंत एक इंच मोकळी जागा दिसत नाही पण तेव्हा मधे सगळं रान. रामकुंडावर अस्थी घेऊन येणारे, त्र्यंबकला जाणारे, सिंहस्थाचे यात्रेकरू, सगळे स्टेशनावर उतरणार आणि पुढे पाच मैल कसे येणार हा प्रश्न. ट्राम यात्रेकरूंच्या जिवावरच चालणार होती. आणि मग १८९६ नंतर प्लेग आला, पाठोपाठ दुष्काळ, छपन्नाचा दुष्काळ तर घरोघरी ऐकलेला असेल. प्लेगमध्ये लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे, यात्रेला कोण येणार. त्या तोट्यातून ती गाडी कधी नीट सावरलीच नाही.

मुलीला मुंबईची माहिती आहे आणि नाशिकची नाही ह्यात तिची काही चूक नाही. मुंबईची ट्राम १८७४ ला घोड्यांवर सुरू झाली, १९०७ ला विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. म्हणजे आज साठ-पासष्टीच्या पुढचे मुंबईकर त्यात बसलेले आहेत, ते नातवंडांना सांगतात. आपली त्याच्या तीस वर्षं आधीच गेली. ज्यांनी पाहिली ती पिढी संपली, आता फक्त "आई सांगायची" म्हणणारे उरलेत, तेही नव्वदीचे. म्हणून तुम्ही वही लिहिताय ते फार चांगलं करताय.

माझे वडील प्रेसमध्ये होते. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस, म्हणजे सरकारी छापखाना, १९२५ ची, म्हणजे ट्राम चालू असतानाच प्रेस सुरू झालेली. वडिलांच्या वेळी ट्राम कुठली, जुन्या नाशकातले कितीतरी कामगार सायकलवर यायचे, पंचवटीतून सुद्धा. पहाटेच्या शिफ्टला सायकलींची ओळ लागायची आणि डबा हँडलला. आमच्याकडे वडिलांची सायकल अजून आहे, चेनकव्हरसकट.

---

तांबटाचा_नातू

घंगाळाचा फोटो टाकला असता तर बरं झालं असतं पण ठिपक्यांची अक्षरं म्हटल्यावर डोळ्यासमोर आलं.

ते नाव घालायचं काम वेगळ्या माणसाचं असायचं. भांडं विकत घेतलं की दुकानाच्या बाहेरच ओट्यावर एक जण बसलेला असायचा, मांडीवर भांडं उपडं घेऊन, एका हातात बारीक टोकदार छिन्नी आणि दुसऱ्यात छोटी हातोडी. टिक टिक टिक टिक. नाव तोंडी सांगायचं, तो कागदावर न लिहिता सरळ पितळेवर उतरवायचा, आणि खाडाखोड करायची सोयच नाही. एक ठिपका चुकला तर चुकला, तो शंभर वर्षं तसाच राहणार. म्हणून तुम्ही परत एकदा भिंग घेऊन बघा, "हिस" मधली वेलांटी कशी वळवलीय ते. प्रत्येकाचा हात वेगळा असायचा, माझे आजोबा नुसती वेलांटी बघून सांगायचे हे अमक्याने घातलेलं नाव. पुढे मशीन आलं विजेचं, त्याने रेघ सलग येते. तुमचं ठिपक्यांचं आहे म्हणजे हाताचं.

घंगाळ हे पण साधं काम नाही. आता जी मिळतात ती पत्रा मशीनवर दाबून काढलेली. तेव्हा पत्रा भट्टीत लाल करायचा, थंड होऊ द्यायचा म्हणजे तो मऊ पडतो, मग ऐरणीवर ठोकत ठोकत खोलगट करायचा, ठोकला की परत कडक होतो, परत भट्टीत. असं किती वेळा करायचं ते हाताला कळायचं. हंड्यासारखं मोठं भांडं असेल तर खालचा आणि वरचा भाग वेगळा करायचा, कडांना दाते पाडून एकमेकांत बसवायचे आणि मग डाख लावायचा, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा पक्का करायचा. जुन्या हंड्याच्या पोटावर बघा, नागमोडी रेघ दिसते, ती हीच. आणि सगळ्यात शेवटी मठारायचं, म्हणजे वरून हलक्या हाताने सारखे ठोके देत जायचं, एकाला एक लागून. त्याने नक्षी दिसते पण ते काही शोभेसाठी नाही, त्याने पत्रा घट्ट होतो, भांडं पोचत नाही लवकर. तुमच्या घंगाळाच्या बुडाला पोचा आहे म्हणता, तो कुठेतरी चांगलाच आपटलेला असणार.

आमच्या गल्लीत सकाळी आठला आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. चाळीस-पन्नास हातोड्या एका वेळी. बाहेरून पाहुणे आले की विचारायचे ह्यात तुम्ही झोपता कसे, आणि आम्हाला अमावस्येला कामं बंद असली की चैन पडायचं नाही. माझे आजोबा कानाने पूर्ण गेलेले होते पण भांड्यावर नखाने टिचकी मारून बोटाला कंप लागतो त्यावरून सांगायचे, पत्रा कुठे पातळ झालाय.

मग स्टील आलं. त्याला कल्हई नको, घासायला चिंच नको, हलकं, स्वस्त. बायकांचे कष्ट वाचले, त्यांना दोष कसा देणार. माझी आईच म्हणायची, तुमच्या पितळेने माझे हात गेले. पण पन्नास हातोड्यांच्या वीस झाल्या, मग पाच. लोक घरातली पितळी भांडी मोडीत घालायला आणायची आणि त्या मोडीवर स्टीलचे डबे घेऊन जायची. आजोबांनी स्वतः केलेला बंब त्यांच्याच समोर मोडीच्या काट्यावर चढलेला मी बघितलाय. ते काही बोलले नाहीत. फक्त त्याच्याजवळ गेले, एकदा हात फिरवला आणि घरी आले.

त्यामुळे भंगारवाल्याला दिलं नाहीत ते वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं. आजींना माझा नमस्कार सांगा. पोचा काढून पाहिजे असेल तर मेसेज करा, मी काम सोडलं पण हत्यारं ठेवलीत.

---

दहीपूल_माहेर

माझं माहेर दहीपुलाजवळचं. आता पुण्यात असते पण नाशिक म्हटलं की मला आधी तो उतार आठवतो. बाहेरच्या लोकांना कळत नाही की जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं आहे, तिवंध्याकडे चढा, सराफ बाजाराकडे उतरा, सायकल चालवायची म्हणजे अर्धा वेळ हातात धरून ढकलायची.

दहीपूल नाव का, तर आई सांगायची तिथे पुलावर खेड्यातल्या बाया दही घेऊन बसायच्या, मडकी ओळीने मांडून. आणि पूल कशावर तर सरस्वती नाल्यावर. आता नाला झाकलाय, वर दुकानं आणि रस्ता, नव्या माणसाला सांगूनही पटणार नाही की आपण पुलावर उभे आहोत. पण नाला विसरत नाही. मोठा पाऊस झाला की बरोब्बर त्याच जागेवरून पाणी वर येतं आणि सराफ बाजारात, फुलबाजारात, भांडीबाजारात शिरतं. माझ्या लहानपणी प्रत्येक दुकानात फळ्या तयार ठेवलेल्या असायच्या दाराला लावायला.

१९६९ चा पूर आईने पाहिला, मी नाही. सप्टेंबर महिना होता. आपल्याकडे पूर सेंटीमीटरमध्ये कोणी मोजत नाही, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, मारुती बुडाला, असंच सांगतात, आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग महापूर. त्या वर्षी आई म्हणते दुकानदारांनी माल सोडला पण उधारीच्या वह्या डोक्यावर घेऊन वर तिवंध्याला आले. माल परत भरता येतो, कोणाकडे किती येणं आहे ते गेलं तर दुकान गेलं. २००८ चा मी बघितला, तोही सप्टेंबरमध्येच, सराफ बाजारातून पाणी ओसरल्यावर लोक चिखल चाळत बसलेले. सोन्याची बारीक कणी असते ना दुकानातल्या धुळीत, ती चिखलात मिसळली होती. दिवसभर चाळण्या घेऊन बसायचे.

बोहोरपट्टीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बायकांचं सगळं तिथे. बांगड्या, रिबिनी, गंगावन, मण्यांचे सर, हळदीकुंकवाची वाणं. गल्ली एवढी अरुंद की दोन बायका पिशव्या घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला ओट्यावर चढावं लागायचं. संक्रांतीच्या आधी आई मला घेऊन जायची, आणि बांगड्या भरणारे काका हात दाबून दाबून इतका लहान करायचे की अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी जायची. मला रडू यायचं आणि ते एकीकडे शाळेतलं काहीबाही विचारत राहायचे म्हणजे माझं लक्ष दुसरीकडे जावं. बांगडी चढली की म्हणायचे, "झालं, आता हिला उतरवायची नाही, फुटली तरच."

लग्नाचा बस्ता म्हणजे अख्खा दिवस. सकाळी चांदीच्या गणपतीला नमस्कार करून रविवार कारंज्यापासून सुरुवात, मग कापड, मग सराफ, शेवटी भांडी. भांडी शेवटी कारण ती उचलून फिरता येत नाहीत. मधे कोणीतरी जाऊन बुधा हलवाईची जिलेबी आणायचं. माझ्या बस्त्याला सायंताराचा साबुदाणा वडा होता, मला अजून त्या दह्याच्या चटणीची चव आठवते आणि शालूचा रंग मात्र नीट आठवत नाही. संध्याकाळी विजयानंदचा शो सुटला की त्या गर्दीत अजून गर्दी. विजयानंद म्हणजे तेच, जिथे २१ डिसेंबर १९०९ ला नाटक चालू असताना अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. आम्ही पोरं तिथे सिनेमा बघायला जायचो आणि आजोबा प्रत्येक वेळी सांगायचे, कुठे जाताय ते माहितीय ना.

हे आत्ताच लक्षात आलं, तेव्हा गावात ट्राम होती म्हणजे. १९०९ ला.

---

वडाळानाका

सगळ्यांचं वाचलं, मन लावून वाचलं. माझ्या घरातली आठवण वेगळी आहे, तीही वहीत जावी म्हणून लिहितो.

मेनरोडकर भाऊ, तुमच्या घंगाळावर वैशाख शके १८५२ आहे. म्हणजे १९३० चा एप्रिल-मे. त्याच वर्षी २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते, दादासाहेब गायकवाडांनी इथली सगळी बाजू सांभाळली. मंदिराचे चारी दरवाजे बंद केलेले आणि लोक दरवाजांसमोर बसलेले. रामनवमीला रथ ओढण्यावरून मारामारी झाली, दगडफेक झाली. आणि सत्याग्रह दोन-चार दिवसांचा नव्हता, पाच वर्षं चालला. म्हणजे तुमची पणजी रुखवत घेऊन ट्राममध्ये बसली तेव्हा नदीच्या पलीकडे, पंचवटीत, माझे पणजोबा सत्याग्रहात होते.

ते दिंडोरी तालुक्यातल्या गावातून चालत आले होते. भाकरी बांधून. पणजोबा वारले तेव्हा माझे आजोबा विशीतले, त्यामुळे आजोबांनी सगळं नीट ऐकून ठेवलेलं आणि आम्हाला तसंच्या तसं सांगायचे, एक शब्द इकडेतिकडे नाही. बाजाराबद्दल ते एवढंच सांगायचे की आपण ओट्यावर चढायचं नाही. खाली रस्त्यात उभं राहायचं, पैसे ओट्याच्या कडेला ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा. कापड हातात घेऊन बघायचं नाही, लांबून बोट दाखवायचं, जे पडेल ते घ्यायचं. भांडं तर टाकूनच द्यायचे, हातात नाही. पणजोबांनी भांडीबाजारातून एक तांब्या घेतला होता, तो असा वरून टाकला तेव्हा दगडावर आपटून त्याला पोचा आला. त्यांनी तो कधीच सरळ करून घेतला नाही. आजोबांनीही नाही. आमच्याकडे आहे अजून, १४ एप्रिलला आम्ही तो घासून बाबासाहेबांच्या फोटोपुढे पाणी भरून ठेवतो.

ही दुकानं वाईट होती असं मला म्हणायचं नाही, काळच तसा होता असंही म्हणायचं नाही, कारण त्या काळातच लोक दरवाजासमोर बसले होते. मला फक्त एवढं म्हणायचंय की जुन्या बाजाराचं लिहाल तेव्हा ओट्यावरून कसा दिसायचा त्याच्याबरोबर ओट्याखालून कसा दिसायचा तेही लिहा. माझी आई १९८० च्या आसपास त्याच भांडीबाजारात जाऊन माझ्या मावशीच्या लग्नाची सगळी भांडी घेऊन आली, दुकानात गादीवर बसून, चहा पिऊन, आणि घरी आल्यावर आजोबांनी तिला तीन वेळा विचारलं, "गादीवर बसलीस? कुठे बसलीस, दारात की आत?"

---

मेनरोडकर

वडाळानाका दादा, तुमचं मी दोनदा वाचलं आणि मग आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्या वाड्यातही मागच्या दाराला वेगळा पेला टांगलेला होता. हे तिने मला ९१ वर्षांत, म्हणजे माझ्या पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. वहीत लिहिलंय, तुमचंही आणि हेही.

जेलरोडकर काका, मुलीला ट्रामचं सगळं वाचायला दिलं. तिने लगेच हिशोब केला की पणजीआजीच्या जन्माच्या आधीच ट्राम बंद झाली, म्हणजे तिने पाहिलेली नाहीच, पण तरी ती खरंच बोलत होती. आता तिला शाळेच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचाय.

---

कापडपेठ_दुकान

आमचं दुकान अजून चालू आहे म्हणून दोन शब्द.

लोक जुना बाजार आठवतात, बरं वाटतं, पण मनापासून सांगतो त्या बाजारात या सुद्धा. अजून बरंच काही आहे तिथे. पार्किंगचा त्रास आहे मान्य, रस्ता खोदलेला असतो मान्य, दोन वर्षांपूर्वी आमच्या दारासमोर सहा महिने खड्डा होता, दिवाळीचा धंदा त्यात गेला, कोणाला विचारायचं तर प्रत्येक जण दुसऱ्या खात्याचं नाव सांगायचा. वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा नोकराला दिवाळीची पगारवाढ देता आली नाही, त्यांना ते फार लागलं.

पण आमच्याकडे अजून तीन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं आहेत. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची. द्राक्षाचे पैसे झाले की बस्ता काढायला येतात, अख्खं घर येतं, आजी खुर्चीत बसते आणि पोत बघायला कापडाची कड दोन बोटांत चुरगाळते, डोळ्याने बघतच नाही. सून मोबाईलवर रंग दाखवते, आजी म्हणते रंग जाऊ दे कापड दे हातात. वडील अजून धोतराच्या पानाचा हिशोब वारात करतात. हे मोबाईलवर नाही मिळणार.

आणि मेनरोडकर, जुन्या महापालिकेच्या इमारतीसमोरून मीही रोज जातो, शटर उघडायला. ट्राम तिथून सुटायची हे वाचल्यापासून तिथे पाय आपोआप हळू होतो.

---

दहीपूल_माहेर

कापडपेठ, पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता आहे. आम्ही येतोय. आईलापण आणते, ती कड चुरगाळणाऱ्यांतलीच आहे.

---

मेनरोडकर

काल काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

तांबटाचा_नातू भाऊ स्वतः घरी आले, हत्यारांची पिशवी घेऊन. आजीच्या समोर जमिनीवर बसले, घंगाळ उपडं करून मांडीवर घेतलं आणि आधी भिंगाने अक्षरं वाचली. "हिस" ची वेलांटी मागे खूप लांब वळवलीय, जवळजवळ पुढच्या अक्षरापर्यंत. ते म्हणाले असा हात मी दुसऱ्या दोन भांड्यांवर पाहिलाय. मग बुडाच्या पोच्यावर बोट फिरवलं, नखाने टिचकी मारली, कान लावला, आणि पोचा काढायला हातोडी उचलली.

आजी म्हणाली, थांबा.

तिला आठवलं की तो पोचा कशाचा. स्टेशनावर ट्राममधून सामान उतरवताना घंगाळ मामाच्या हातातून निसटलं आणि रुळावर पडलं. तिची आई नवी नवरी, ती रडायला लागली की मामाने दिलेलं पहिलंच भांडं सासरी पोचायच्या आधीच पोचलं. आणि मामा म्हणाले, "रडू नकोस पोरी, खूण राहिली नाशकाची." आजीची आई चाळीसगावला रोज आंघोळीला बसली की त्या पोच्यावर हात ठेवायची.

भाऊंनी हातोडी पिशवीत ठेवली. दोन्ही कड्या थोड्या सैल होत्या, तेवढ्या घट्ट करून दिल्या. मग मुलीला जवळ बोलावून तिचं बोट धरलं आणि पोच्याच्या कडेवरून फिरवलं. मधे एक सरळ, बारीक रेघ लागते हाताला, रुळाची धार जिथे लागली तिथे.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, आणि जाताना आजीच्या पाया पडले.